ईमेलच्या लिंकवर क्लिक केलं की भलतंच का उघडतं?

पंचवटीतल्या काकांचा फोन बहुतेक दिवेलागणीला येतो. या वेळचा असा: "अगं, त्या पानावर ईमेलचा पत्ता दिलाय, निळ्या अक्षरांत. त्यावर दाबलं की भलतीच खिडकी उघडते आणि म्हणते, खातं जोडा. आता खातं काय जोडायचं? आहे ना माझं जीमेल, रोज बघतो मी!"

"मग पासवर्ड टाकलात का तिथे?"

"टाकला ना. तीनदा."

नंतर कळलं की काकांनी टाकला होता तो जीमेलचा पासवर्ड नव्हताच. कॉम्प्युटर सुरू करताना टाकायचा चार आकडी पिन होता तो.

सिडकोत काही वर्षं एमएस-सीआयटीच्या बॅचेस घेतल्या, तेव्हापासून नात्यागोत्यातले असे फोन माझ्या वाट्याला येतात. डिफॉल्ट ईमेलचा घोळ त्यातला नेहमीचा. मुळात तो एवढासा असतो, पण माणूस समोर जे उघडेल त्याचं मुकाट ऐकत जातो आणि पाच मिनिटांच्या कामाची दोन दिवसांची डोकेदुखी करून ठेवतो. घरी विंडोज १० किंवा ११ आहे आणि कॉम्प्युटरवर हात अजून बसलेला नाही, अशांसाठी हे लिहिते आहे.

आधी ही भानगड काय ते समजून घ्या

वेबसाइटवरच्या ईमेल पत्त्यामागे 'मेलटू' नावाची लिंक असते. नेहमीची लिंक सांगते, "अमुक पान उघड." मेलटू सांगते, "या पत्त्यावर पत्र लिहायचं आहे, कोण लिहून घेणार?" मग कॉम्प्युटर आपली नोंद बघतो आणि त्या प्रोग्रॅमला हाक मारतो. ती नोंद म्हणजे डिफॉल्ट.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. पार्सल आलं की तो रजिस्टर बघतो आणि ठरलेल्या फ्लॅटकडे बोट दाखवतो. पार्सलात काय आहे ते त्याला माहीत नसतं, तुमच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे नसते. म्हणून डिफॉल्ट बदलल्याने तुमचा एकही मेल पुसला जात नाही, पासवर्ड बदलत नाही, फोनवरच्या जीमेलला तर धक्काही लागत नाही. चुकलं तर पुन्हा बदलता येतं. नवे लोक इथेच घाबरतात, म्हणून आधी सांगून टाकलं.

नव्या कॉम्प्युटरवर या रजिस्टरात मायक्रोसॉफ्टने आपल्याच ईमेल प्रोग्रॅमचं नाव भरून दिलेलं असतं. काकांच्या लिंकने त्यालाच हाक मारली. त्यात काकांचं खातं नव्हतं, म्हणून तो 'खातं जोडा' म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही, पण काकांना तो नकोच होता.

तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: तुम्ही तुमचे मेल वाचता कुठे? क्रोम किंवा फायरफॉक्स असा ब्राउझर उघडून त्यात जीमेलचं पान बघता, की आउटलुक, थंडरबर्ड असा वेगळा प्रोग्रॅम उघडता? मला फोन करणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे पहिल्या गटातले. तुम्हीही त्यातलेच असाल, तर 'खातं जोडा' म्हणणारी खिडकी उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून सरळ बंद करा. तिथे भरण्यासारखं काही नाही.

आणि आत्ताच्या आत्ता एक पत्र धाडायचंय, सेटिंग उद्या बघू, असं असेल तर त्या निळ्या पत्त्यावर माउसचं उजवं बटण दाबा. 'कॉपी ईमेल अ‍ॅड्रेस' असा पर्याय येतो. तो घ्या, जीमेलमध्ये 'कम्पोज' उघडा, 'टू'च्या चौकटीत पेस्ट करा. काकांचं त्या संध्याकाळचं काम मी असंच उरकलं.

आत्ता कोणाला हाक जाते ते तपासा

कीबोर्डवरची विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून धरा आणि आर दाबा. डाव्या कोपऱ्यात 'रन'ची छोटी चौकट येईल. त्यात इंग्रजी अक्षरांत एम-ए-आय-एल-टी-ओ असं सलग लिहा, मध्ये जागा सोडू नका, आणि शेवटी कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबं. मग एंटर.

जे उघडेल ते तुमचं सध्याचं डिफॉल्ट. जीमेलचं कोरं पत्र आलं तर सगळं ठीक. आउटलुक आलं तर नोंद त्याच्या नावावर आहे. क्रोमची नुसती रिकामी खिडकी आली तर काम अर्धं झालेलं आहे, ते पुढे सांगते. 'कशाने उघडू?' असं विचारणारी यादी आली तर नोंदच नाही. ही चाचणी लक्षात ठेवा. दर बदलानंतर हीच करायची आहे, म्हणजे वेबसाइटचा दोष की आपल्या कॉम्प्युटरचा हा वाद उरत नाही.

जीमेल ब्राउझरमध्ये वाचणाऱ्यांसाठी

इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. नोंदी दोन असतात. विंडोज म्हणतं, "ईमेल क्रोमकडे पाठव." मग क्रोम आपलं स्वतःचं रजिस्टर उघडतो, "माझ्याकडे ईमेल कोण बघतं?" तिथे जीमेलचं नाव नसेल तर तो गप्प बसतो. म्हणजे गेटवरचा वॉचमन एक आणि तुमच्या विंगचा दुसरा. दोघांनाही सांगावं लागतं. नुसतं विंडोजमध्ये बदल करून "काही होत नाही गं" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले.

आधी क्रोम:

१. क्रोममध्ये जीमेल उघडा, लॉग-इन झालेलं असू द्या.
२. वर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडच्या टोकाला एकमेकांवर चढलेल्या दोन चौकटींचं, शंकरपाळ्यांसारखं, बारीक चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करा.
३. ईमेलच्या सगळ्या लिंका जीमेलला उघडू द्यायच्या का, असं तो विचारेल. 'अलाऊ' निवडा, मग 'डन'.

चिन्ह दिसतच नाही? मग कधीतरी तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी 'ब्लॉक' दाबून ठेवलेलं असतं. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, तिथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, खाली अ‍ॅडिशनल परमिशन्स आणि त्यात 'प्रोटोकॉल हँडलर्स'. वाट लांबची आहे, पण एकदाच जायचं आहे. तिथे साइट्सना विचारण्याची परवानगी चालू आहे ना ते बघा, आणि नाकारलेल्यांच्या यादीत जीमेल असेल तर तिथून काढून टाका. मग जीमेलचं पान पुन्हा लोड करा, शंकरपाळे हजर होतात.

फायरफॉक्समध्ये हे सोपं आहे: सेटिंग्ज, जनरल, खाली सरकत 'अ‍ॅप्लिकेशन्स'ची यादी, तिच्यात मेलटूची ओळ, आणि शेजारच्या पर्यायांतून 'यूज जीमेल'.

आता विंडोज. तुमचं विंडोज कोणतं ते माहीत नसेल तर त्याच रनच्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर लिहून एंटर करा, ते स्वतःच सांगेल.

विंडोज ११ असेल तर विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबून सेटिंग्ज उघडा. डावीकडे अ‍ॅप्स, मग डिफॉल्ट अ‍ॅप्स. वरच एक रिकामी चौकट असते, फाइल किंवा लिंकचा प्रकार लिहा म्हणणारी. तिच्यात मेलटू, अर्थात इंग्रजी अक्षरांत, टाइप करा. खाली सध्याच्या प्रोग्रॅमचं नाव येईल. त्यावर क्लिक करून क्रोम किंवा फायरफॉक्स निवडा आणि 'सेट डिफॉल्ट' दाबा. हे शेवटचं बटण विसरू नका. ते न दाबता खिडकी बंद करणारे काकाच एकटे नाहीत.

विंडोज १० मध्ये वाट तीच, फक्त डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये सगळ्यात वर 'ईमेल' अशी स्वच्छ ओळ दिसते. तिच्या खालच्या नावावर क्लिक करून ब्राउझर निवडला की झालं. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंग अजूनही चालते, पण कॉम्प्युटरला ११ झेपत असेल तर बदल करून घ्यायला हरकत नाही.

पुष्कळांना वाटतं की क्रोमने किंवा थंडरबर्डने स्वतःच डिफॉल्ट व्हायला काय हरकत आहे. पूर्वी होत असत. मग कोणताही फुकटा प्रोग्रॅम टाकला की तो गुपचूप सगळ्या नोंदी आपल्या नावावर करून बसायचा. आता विंडोज ही नोंद एका खुणेसह जपून ठेवतं, आणि निवड तुम्ही स्वतःच्या हाताने केली असली तरच मानतं. त्यामुळे "ही फाइल चालवा, डिफॉल्ट दुरुस्त होईल", "रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या खतावणीत) अमुक बदला" असले इंटरनेटवरचे तोडगे एक तर चालत नाहीत, किंवा खूण जुळली नाही म्हणून विंडोज तुमची नोंद पुसून पुन्हा स्वतःच्या प्रोग्रॅमवर येतं. रजिस्ट्रीच्या वाटेला जाऊच नका.

एका कॉम्प्युटरवर सगळं घर बसत असेल तर आणखी एक गंमत होते. इंदिरानगरच्या माझ्या मावशीकडे लिंक नीट उघडायची, पण मुलीच्या जीमेलमधून. मावशीने लाइटबिलाची तक्रार लिहिली ती लेकीच्या नावाने गेली. एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन जीमेल उघडे असतील तर जे आधी लॉग-इन झालंय त्याला लिंक मिळते. उपाय म्हणजे क्रोममध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करायचं, किंवा त्याहून बरं, विंडोजमध्येच प्रत्येकाचं वेगळं खातं. डिफॉल्टची नोंद विंडोजच्या प्रत्येक खात्याची स्वतंत्र असते, तेव्हा ज्याची त्याने एकदा करून घ्यावी. आणि पाठवण्याआधी पत्राच्या 'फ्रॉम'कडे बघायची सवय सगळ्यांनीच लावावी.

बंद पडलेला 'मेल'

विंडोज १० आणि सुरुवातीच्या ११ मध्ये निळ्या पाकिटाचा 'मेल' नावाचा प्रोग्रॅम असायचा. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ नंतर तो बंद केला. त्यातून मेल येतही नाहीत, जातही नाहीत. पण जुन्या कॉम्प्युटरवर रजिस्टरात अजून त्याचंच नाव असू शकतं. माणूस फ्लॅट सोडून गेला, वॉचमन पार्सल तिकडेच पाठवतोय. परवापर्यंत चालत होतं आणि आता नाही, ही तक्रार असेल तर आधी हेच बघा.

त्याच्या जागी 'नवं आउटलुक' आलं. ऑफिससोबत विकत मिळणारं आउटलुक वेगळं. त्याच्या नावापुढे आता 'क्लासिक' लागतं. दोन्ही असतील तर डिफॉल्टच्या यादीत दोन आउटलुक दिसतील, नाव शेवटपर्यंत वाचून निवडा. नव्या आउटलुकमध्ये जीमेल जोडलंत तर तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही ठेवली जाते. जोडताना ते तसं विचारतं, पण 'कंटिन्यू' दिसलं की दाबायचं ही आपली रीत. वाईट काही नाही त्यात, मात्र माहीत असावं.

फाइलवरून थेट मेल करता येत नाही, ते का?

ही तक्रार घरून छोटा धंदा करणाऱ्यांची. फाइलवर उजवं क्लिक, 'सेंड टू', 'मेल रेसिपियंट' असं केलं, किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिल मेल करायला गेलं, की उत्तर येतं: या कामासाठी कोणताही ईमेल प्रोग्रॅम जोडलेला नाही. इकडे मेलटूची चाचणी मात्र झकास चालते!

कारण ही वाट निराळी आहे. मेलटूच्या चिठ्ठीत पत्ता, विषय, मजकूर बसतो. फाइल जोडायची सोय त्यात धड नाही. फाइलसकट पत्र द्यायला विंडोजची 'मॅपी' नावाची जुनी यंत्रणा वापरली जाते, आणि तिला कॉम्प्युटरवर बसवलेला खराखुरा ईमेल प्रोग्रॅम लागतो. क्लासिक आउटलुक किंवा थंडरबर्ड चालतं. ब्राउझरमधलं जीमेल चालत नाही, कितीही सेटिंग बदला.

माझं मत विचाराल तर आठवड्याला चार बिलं पाठवण्यासाठी प्रोग्रॅम बसवू नका. बिलाची पीडीएफ करा, डेस्कटॉपवर ठेवा, जीमेलच्या पत्रावर माउसने ओढून सोडा. २५ एमबीपर्यंतची फाइल जोडली जाते. त्याहून मोठी असली की जीमेल आपोआप ड्राइव्हची लिंक करून देतं. रोज वीस बिलं असतील तर गोष्ट वेगळी.

तर मग थंडरबर्ड

फुकट आहे, जुनं-जाणतं आहे. त्याच्याच वेबसाइटवरून उतरवून घ्या. उघडल्यावर नाव, पत्ता विचारतो. जीमेल असेल तर गुगलचं नेहमीचं लॉग-इन पान येतं आणि तिथे गुगलचाच पासवर्ड टाकायचा. (काका, पिन नाही.) पुढचे सर्व्हर, म्हणजे मेल साठवणारे आणि पाठवणारे कंपनीचे कॉम्प्युटर, तो आपला शोधतो. मग सेटिंग्ज, जनरल, त्यात 'सिस्टिम इंटिग्रेशन'जवळच्या बटणाने डिफॉल्ट करायला सांगा आणि विंडोजच्या डिफॉल्ट अ‍ॅप्समध्येही मेलटूसमोर थंडरबर्ड आलं का ते बघा.

हाताने माहिती भरायची वेळ आली तर जीमेलचे आकडे असे: मेल येण्यासाठी आयमॅप, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) ९९३, जाण्यासाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ किंवा ५८७. मेल येतात पण जात नाहीत, असं झालं तर दोष एसएमटीपीच्या आकड्यात शोधा. जुन्या प्रोग्रॅममध्ये तिथे पोर्ट २५ राहिलेलं असतं, आणि घरगुती इंटरनेटवर ते स्पॅमच्या भीतीने पुष्कळदा अडवलेलं असतं.

आयमॅप की पॉप असं विचारलं तर डोळे मिटून आयमॅप. पिंपळगावचा माझा मामेभाऊ द्राक्षबागायतदार आहे. हंगामाच्या ऐन गर्दीत त्याने पॅकहाउसमधल्या कॉम्प्युटरवर फर्मचं ईमेल खातं पॉपने जोडलं. झालं, येणारा प्रत्येक मेल त्या कॉम्प्युटरवर उतरायचा आणि सर्व्हरवरून पुसला जायचा. हा बागेत उभा राहून फोन बघतोय, फोन रिकामा. कंटेनरचे कागद पॅकहाउसमध्ये येऊन पडलेले. पॉप म्हणजे पोस्टातून पत्र घरी आणणं, पोस्टात मागे काही उरत नाही. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि फोन, कॉम्प्युटर दोन्हीकडे तीच दिसतात. पॉपच वापरणं भाग असेल तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकटीत खूण करा.

बरोबर पासवर्ड, तरीही पुन्हा पुन्हा विचारतो

जुनं आउटलुक किंवा आणखी एखादा जुना प्रोग्रॅम असेल तर दोष बहुधा तुमचा नाही. नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या आउटलुक डॉट कॉम, हॉटमेलच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. आता प्रोग्रॅमने कंपनीचं लॉग-इन पान उघडून परवानगी घ्यावी लागते, आणि ते जुन्या प्रोग्रॅमला जमत नाही. जीमेलपुरती एक पळवाट आहे: खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू करून 'अ‍ॅप पासवर्ड' काढायचा. १६ अक्षरांचा मिळतो, तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा. गुगलचा मुख्य पासवर्ड बदललात की हा रद्द होतो, मग नवा काढा.

सर्टिफिकेट (सर्व्हरचं मुदतीचं ओळखपत्र) चुकीचं आहे, कनेक्शन सुरक्षित नाही, असं काही म्हणत असेल तर आधी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख बघा. हसू नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मागच्या तारखेत आजचं सर्टिफिकेट खोटं ठरतं. नाशिकरोडच्या एका ओळखीच्यांनी यापायी तीनदा थंडरबर्ड काढून बसवलं होतं. सेल बदलला, तारीख नीट केली, मेल धडाधड उतरले.

पुन्हा बिघडलं तर

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी नोंद मूळपदावर येते. रनची चाचणी करा, डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये पुन्हा निवडा. दुसऱ्या खेपेला मिनिटभराचं काम. गॅसचा नंबर जिथे लिहिलाय त्या वहीत वाट लिहून ठेवलीत तर मला फोनही करावा लागणार नाही.

आणि कंटाळून इंटरनेटवर 'ईमेल कस्टमर केअर नंबर' शोधू नका. असे पुष्कळ नंबर भामट्यांचे असतात. ते गोड बोलून तुमच्या स्क्रीनचा ताबा देणारं अ‍ॅप टाकायला लावतात आणि ईमेलवरून गाडी थेट बँकेकडे वळते. असं कोणाला आत घेतलंच असेल तर आधी इंटरनेटची वायर उपसा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कराल तितकं बरं; सकाळपर्यंत थांबू नका.